वही आणि कार्ड : कोण कोणाचे देणे लागतो?

मालवणच्या बाजारपेठेतल्या किराणा दुकानात ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या नावाने वहीत एक पान असते. उकडा तांदूळ, गोडेतेल, साखर, चहापूड नेली की दुकानदार त्या पानावर आकडा मांडतो आणि पैसे येतील तसे वळते करून घेतो. कुडाळ, कणकवली, सावंतवाडीच्या सुपरमार्केटात वही नसते. तिथे बिल करणारी मुलगी मोबाइल नंबर विचारते, नंबर दिला की खात्यावर पॉइंट पडतात आणि किती पडले ते बिलाच्या तळाशी छापून येते. दोन्हीकडे हिशेब मांडला जातो आणि दोन्हीकडे हेतू एकच, गिऱ्हाइकाने पुन्हा याच दुकानाची पायरी चढावी. फरक देण्याघेण्याच्या दिशेत आहे. वहीत जे लिहिलेले असते ते गिऱ्हाइकाने दुकानदाराला द्यायचे असते. कार्डावर जे जमा असते ते दुकानाने गिऱ्हाइकाला द्यायचे असते. पॉइंटांना आपण बक्षिसी समजतो, पण व्यवहार म्हणून पाहिले तर ती आपण दुकानाला दिलेली उधारी आहे. एकदा हे ध्यानात आले की कार्ड घ्यावे की नाही, घेतले तर कसे वापरावे, हे ठरवणे सोपे जाते. कारण उधारी देताना काय विचारायचे असते, ते आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. परतावा किती, मुदत किती आणि पैसे बुडाले तर धरायचे काय?

पॉइंट म्हणजे उधारी, हे म्हणणे अतिशयोक्तीचे वाटेल. पण मोठ्या कंपन्यांचे हिशेबनीसही तेच लिहितात. भारतात १ एप्रिल २०१८ पासून मोठ्या कंपन्यांना ‘इंड एएस ११५’ हे लेखामानक लागू आहे. पॉइंटांमुळे गिऱ्हाइकाला मोलाचा हक्क मिळत असेल, तर विक्रीची सगळी रक्कम त्याच दिवशी कमाई म्हणून दाखवता येत नाही, असे ते सांगते. समजा, तुम्ही हजार रुपयांचा माल घेतला आणि दहा रुपयांचे पॉइंट मिळाले. त्या हजारातले जवळपास दहा रुपये कंपनीने ‘देणे’ म्हणून बाजूला काढायचे आणि तुम्ही पॉइंट वापरल्यावर किंवा ते बाद झाल्यावर कमाईत घ्यायचे. किती पॉइंट कधीच वापरले जाणार नाहीत, याचाही अंदाज बांधून तो हिशेबात धरायचा. यातून दोन गोष्टी निघतात. पॉइंटांचे पैसे तुम्ही मालाच्या किमतीतच आधी भरलेले असतात. आणि तुम्ही विसराल, हे दुकानाने गृहीत धरलेले असते.

आता पहिला प्रश्न, परताव्याचा. ‘पाचशे पॉइंट जमले’ हे ऐकायला बरे वाटते, पण पॉइंट म्हणजे रुपया नव्हे. भारतात बरीच वर्षे चाललेल्या ‘पेबॅक’ योजनेत एका पॉइंटाचे मोल पंचवीस पैसे होते. म्हणून पॉइंट मोजू नयेत. त्यांचे रुपये करावेत, त्या रुपयांना झालेल्या खर्चाने भागावे आणि शंभराने गुणावे. येणारा आकडा हा त्या कार्डाचा खरा दर. समजा, एखादे दुकान शंभर रुपयांमागे एक पॉइंट देते आणि चार पॉइंटांचा एक रुपया धरते. हा झाला पाव टक्का. महिन्याला सहा हजारांचा किराणा भरणाऱ्या घराला त्यातून महिन्याला पंधरा रुपये सुटतात, वर्षाला एकशे ऐंशी. मालवणहून कुडाळ साधारण तीस किलोमीटर. स्कूटरने जाऊन-येऊन लिटरभराहून जास्त पेट्रोल जाळले, तर शंभर रुपये गेलेच. म्हणजे सहा-सात महिन्यांचे पॉइंट एका फेरीत उडाले. कुडाळात दुसरे काम असेल तर गोष्ट वेगळी, पण केवळ पॉइंटांसाठी वाट वाकडी करणे परवडत नाही. तेलाच्या एका पिशवीत दोन दुकानांमध्ये पाच रुपयांचा फरक असेल, तर पाव टक्क्याच्या हिशेबाने तो दोन हजारांच्या खरेदीच्या पॉइंटांएवढा आहे. तेव्हा आधी दर पाहावा, मग पॉइंट. दर पाहण्याची सोयही आता झाली आहे. पाकिटावर कमाल किमतीसोबत ग्रॅम, किलो किंवा लिटरमागचा दर छापलेला असतो. पाकिटे लहानमोठी करून होणारी दिशाभूल या बारीक आकड्यापाशी उघडी पडते.

दुसरा प्रश्न मुदतीचा आणि तिसरा तारणाचा. हे दोन्ही एकत्रच पाहायला हवेत, कारण मुदत ठरवते दुकान आणि तारण नसतेच. किती पॉइंट जमल्यावर वापरता येतील, किती महिन्यांनी बाद होतील, कोणत्या मालावर मिळणार नाहीत, हे सगळे दुकान ठरवते आणि बदलतेही. ब्रिटनमधल्या टेस्को या मोठ्या साखळीच्या क्लबकार्डाचे पॉइंट बाहेरच्या भागीदारांकडे वापरले तर तिप्पट मोलाचे धरले जात. जून २०२३ पासून ते दुप्पट केले गेले. आधी जमवलेल्या पॉइंटांचे मोल असे गिऱ्हाइकाला न विचारता खाली आले. आपल्याकडे २००६ साली ‘आय-मिंट’ नावाने सुरू झालेली योजना पुढे ‘पेबॅक’ झाली, २०२१ मध्ये भारतपे या कंपनीने ती विकत घेतली आणि नंतर तिचे नाव ‘झिलियन’ झाले. मालक बदलले, नाव बदलले. पॉइंट जमवणाऱ्याचा त्यात शब्द नव्हता. पेबॅकचे पॉइंट जिथे जमत, त्या बिग बझारचीच एक योजना तर ही उधारी उघडपणे मागणारी होती. आज दहा हजार भरा आणि बारा महिने दरमहा हजाराचा माल न्या, असे ‘प्रॉफिट क्लब’चे स्वरूप होते. आकड्यांत परतावा घसघशीत दिसतो, पण तो त्याच दुकानातल्या मालाच्या रूपाने आणि दुकान वर्षभर चालेल या भरवशावर. २००१ साली सुरू झालेल्या बिग बझारच्या दुकानांवरच्या पाट्या २०२२ मध्ये उतरल्या. एवढी मोठी साखळीही कायमची नसते. म्हणून पॉइंट साठवून ठेवण्यात शहाणपण नाही. बँकेतल्या पैशाला व्याज मिळते. पॉइंट पडून राहिले तर वाढत मात्र नाहीत, फार तर मरतात.

हा खेळ पुरता समजून घ्यायचा तर फ्रान्सकडे पाहावे. तिथे जवळपास प्रत्येक मोठ्या साखळीचे, म्हणजे कारफुर, लक्लेर, इंतरमार्शे, ओशाँ यांचे, फुकट मिळणारे कार्ड किंवा अॅप असते. ठरावीक मालावर काही सेंट किंवा काही टक्के रक्कम कार्डावर जमा होते. या साठ्याला ते ‘कान्योत’ म्हणतात, म्हणजे आपला गल्ला. तो पुढच्या खरेदीत फोडायचा असतो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे गेलेल्या आपल्या मुलांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. फळीवर वस्तूखाली मोठ्या अक्षरांत दिसणारी किंमत पुष्कळदा ‘कार्डावरची रक्कम वजा करून’ लिहिलेली असते. काउंटरवर मात्र पूर्ण किंमत मोजावी लागते आणि फरक गल्ल्यात जातो. फ्रान्समध्ये २०१८ साली शेतकरी आणि अन्नव्यापार यांविषयी एक कायदा झाला. त्यातून खाद्यपदार्थांवरच्या सवलतीला मूळ किमतीच्या ३४ टक्क्यांची मर्यादा आली, आणि २०२४ मध्ये साबण, शाम्पूसारख्या वस्तूंनाही ती लागू झाली. या मर्यादेत लगेच मिळणारी आणि मागाहून मिळणारी, दोन्ही सवलती धरल्या जातात. कायद्याला दोन्ही एकाच तराजूत तोलता आल्या, पण गिऱ्हाइकाने तसे करू नये. आज हातात राहिलेला रुपया कुठल्याही दुकानात चालतो, गल्ल्यातला रुपया एकाच दुकानात.

मग दुकानांना हा खटाटोप कशासाठी करावासा वाटतो? एक कारण माणसाच्या स्वभावात आहे. २००६ साली नुनेस आणि ड्रेझ या संशोधकांनी गाड्या धुणाऱ्या एका केंद्रावर तीनशे कार्डे वाटली. निम्म्या कार्डांवर आठ शिक्के भरले की एक धुलाई फुकट. उरलेल्या निम्म्यांवर दहा शिक्के भरायचे होते, पण त्यातले दोन आधीच मारून दिलेले. दोन्हींना लागणाऱ्या फेऱ्या आठच. तरी पहिल्या गटात १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केले आणि दुसऱ्या गटात ३४ टक्क्यांनी. काम आधीच सुरू झाले आहे असे वाटले की ते तडीस नेण्याची ओढ लागते. ‘अजून चाळीस पॉइंट हवेत’ हा संदेश याच ओढीवर चालतो, आणि नको असलेली बिस्किटांची पुडी टोपलीत पडते. दुसरे कारण माहितीचे. टेस्कोने १९९५ साली क्लबकार्ड आणले आणि कोण, कधी, काय, किती घेतो याचा ताळा एका माहिती-विश्लेषण कंपनीकडून करून घेतला. आपला किराणा दुकानदार गिऱ्हाइकाची आवड डोक्यात ठेवतो, ती दुकानाबाहेर फारशी जात नाही. कार्डाची आठवण मात्र संगणकात राहते आणि वर्षानुवर्षे राहू शकते. नोव्हेंबर २०२० मध्ये फ्रान्सच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने कारफुर फ्रान्सला साडेबावीस लाख युरोंचा आणि कारफुरच्या बँकेला आठ लाख युरोंचा दंड केला. ठपक्यांतला एक असा होता, की कार्डयोजनेतल्या पाच ते दहा वर्षे फिरकलेल्याही नसलेल्या दोन कोटी ऐंशी लाखांहून जास्त गिऱ्हाइकांची माहिती जपून ठेवली गेली होती. गिऱ्हाईक दुकान विसरले होते, दुकान त्याला विसरले नव्हते.

म्हणून काउंटरवर सहज सांगितला जाणारा मोबाइल नंबर हीही एक किंमत आहे आणि ती मोजायची की नाही हा तुमचा अधिकार आहे. नंबर दिल्याशिवाय बिल होणार नाही, असा आग्रह धरणे ही ग्राहक संरक्षण कायद्यातली अनुचित व्यापारी प्रथा ठरते, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावले आहे. गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याला सोडून दुसऱ्याला देणे, हेही २०१९ च्या त्याच कायद्याच्या व्याख्येत बसते. अडवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. शिवाय २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे आणि त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायला मिळण्याची सोय त्यात आहे. आणि संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे. कार्ड नको असेल तर ‘नंबर नाही देत, बिल करा’ एवढेच सौम्यपणे म्हणावे. काउंटरवरच्या मुलीशी हुज्जत घालू नये. तिला मालकाने सांगितलेले असते म्हणून ती विचारते.

इथपर्यंत आल्यावर कुणी म्हणेल, माल तर घ्यायचाच आहे, किंमत तीच आहे, मग मिळणारे चार पैसे का सोडायचे? हा आक्षेप निम्मा बरोबर आहे आणि त्याच्या बाजूने भक्कम पुरावाही आहे. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२४ मध्ये पाच साखळ्यांतल्या सुमारे पन्नास हजार वस्तूंचे ‘फक्त सदस्यांसाठी’ असलेले दर तपासले. मूळ किंमत फुगवून मग सूट दाखवण्याचा प्रकार त्यांना फारसा आढळला नाही. ९२ टक्के वस्तूंवरची सवलत खरी निघाली आणि सरासरी बचत १७ ते २५ टक्क्यांच्या घरात होती. पण ही बचत त्याच बिलात, त्याच क्षणी मिळणारी आहे, मागाहून मिळणाऱ्या पॉइंटांची नव्हे. आणि सदस्यांचा दर हाच बाजारातला सर्वांत स्वस्त दर असतो असे नाही, चार ठिकाणी चौकशी करावी, असेही त्याच प्राधिकरणाने सांगितले. तेव्हा सदस्य म्हणून दर आत्ताच कमी होत असेल तर तो जरूर घ्यावा. पॉइंट विनासायास पडत असतील तर पडू द्यावेत. मात्र त्यांच्यासाठी दुकान, वस्तू किंवा खरेदीचा दिवस बदलू नये. उलट बाजूचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. २००२ साली पवईत पहिले दुकान काढणाऱ्या डी-मार्टने पॉइंटांचे कार्ड न ठेवता रोजच्याच किमती खाली ठेवण्याची वाट धरली, आणि तरी तिथे रांगा लागतात. गिऱ्हाईक बांधायला पॉइंटच लागतात असे नाही. कमी दरानेही ते परत येते, आणि त्या दराचा फायदा नंबर न देणाऱ्यालाही मिळतो.

दुसरा आक्षेप आपल्या वहीवर घेता येईल. कार्डाला नावे ठेवून किराणा दुकानाचे गोडवे गाणे सोपे, पण वहीही काही धर्मादाय नसते. हे मान्य करायला हवे. उधारीवर नेणाऱ्याला घासाघीस करता येत नाही, छापील किमतीवर सूट मागता येत नाही आणि जुनी बाकी असेपर्यंत दुसऱ्या दुकानात जायची चोरी होते. कार्डाने बांधावे त्याहून घट्ट वही बांधते. पण वहीच्या बदल्यात काय मिळते, तेही तोलावे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत या दोन महिन्यांत रोकड येत नाही, आणि शाळेची वह्या-पुस्तकेही नेमकी याच वेळी घ्यावी लागतात. तेव्हा तांदळाचे पोते वहीवर मिळणे याचे मोल पाव टक्क्यात मोजता येत नाही. वर्षभराचे सगळे पॉइंट एकत्र केले तरी त्यातून आषाढातला एक आठवडा निघत नाही. यातून घेण्यासारखा धडा असा, की ज्या घराला पावसाळ्यात उधारी लागते त्याने इतर दहा महिन्यांची रोखीची खरेदी सगळीच्या सगळी सुपरमार्केटात नेऊ नये. वही ही दोन्ही बाजूंनी राखायची गोष्ट आहे. आणि ज्याला उधारीची गरज नाही, त्याने किराणा दुकानातही रोखीने घेताना सूट मागावी. पॉइंट देणाऱ्या दुकानापेक्षा ती पुष्कळदा जास्त मिळते, आणि लगेच मिळते.

खरे तर गिऱ्हाइकाच्या निष्ठेचा मोबदला द्यायची आणखी एक पद्धत आहे आणि ती कार्डाहून जुनी आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी १८४४ साली कामकऱ्यांनी सहकारी दुकान काढले आणि नफा ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात सभासदांना वाटला. पॉइंटांचा आणि या वाटपाचा हिशेब वरवर सारखा दिसतो; जास्त घ्या, जास्त मिळवा. पण तिथे दर ठरवणारी सभा गिऱ्हाइकांचीच होती. मुंबईत १९४८ साली सुरू झालेला अपना बाजार याच ग्राहक-सहकाराच्या विचारातून आला. गिरणगावात राहिलेल्या आपल्या चाकरमान्यांच्या घरांना तो चांगला माहीत आहे. बांदा-सावंतवाडीकडून गोव्यात खरेदीला जाणाऱ्यांना गोवा बागायतदार संस्थेचे बाजार ठाऊक असतात. तीही सहकारी संस्थाच. सहकारी दुकान म्हणजे आपोआप स्वस्त किंवा चोख, असे मुळीच नाही. गैरकारभाराने बुडालेले संघ आपण पाहतो. पण सभासदाला तिथे वार्षिक सभेत उभे राहून हिशेब विचारता येतो. पॉइंट का कमी केले, असे कार्डधारकाला कुठे उभे राहून विचारता येत नाही.

तेव्हा कार्ड घेण्याआधी पाच गोष्टी विचाराव्यात. एका पॉइंटाचे रुपये किती, किमान किती जमल्यावर वापरता येतात, कधी बाद होतात, कोणत्या मालावर मिळत नाहीत आणि कार्ड बंद करायचे तर माहिती कशी काढून टाकतात. उत्तर मिळाले नाही तर पॉइंटांचे मोल शून्य धरावे आणि केवळ किमतीवर निर्णय घ्यावा. वर्षाची वर्गणी भरून मिळणारे सदस्यत्व असेल, तर गेल्या तीन महिन्यांची बिले काढून पाहावे, की त्या दुकानातली आपली नेहमीची खरेदी वर्गणी भरून काढते का. ‘आता जास्त घेऊ’ असे मनाशी म्हणावे लागत असेल तर वर्गणी भरू नये. एका घरात चार जणांच्या चार नंबरांवर पॉइंट विखरू देऊ नयेत. आणि ‘तुमचे पॉइंट आज रात्री संपत आहेत, ही लिंक उघडा, हे अॅप घाला’ असा संदेश आला तर तो फसवणुकीचा आहे असेच समजावे. दोनशे रुपयांच्या पॉइंटांची भीती दाखवून बँकेचे खाते रिकामे करणारे याच संदेशाचा आधार घेतात. ओटीपी कुणालाही सांगू नये. फसगत झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे.

राहिला प्रश्न पॉइंट वापरायचे कधी. आपल्याकडे त्याला सोयीचा मुहूर्त आहे. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा दर्यावर जातात, हातात पैसे खेळू लागतात, चतुर्थीसाठी चाकरमानी गावात उतरतात, आणि गूळ, रवा, तेल, अगरबत्त्यांची मोठी खरेदी होते. वहीवरची पावसाळ्यातली बाकी फेडायला सुरुवात होते ती याच सुमारास. त्याच दिवसांत कार्डावरचे पॉइंटही, मुंबईच्या घरातले असोत की गावच्या, एकदा पुरते मोडून टाकावेत. दुकानदाराचे आपल्याकडे असलेले देणे आपण चतुर्थीपूर्वी लक्षात ठेवून फेडतो. दुकानाकडून आपल्याला यायचे आहे, तेही तितक्याच आठवणीने वसूल करावे.